पर्यायी यजमान

आमच्या कॉलेजच्या हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात, कपाटांच्या दोन रांगा आहेत. डावीकडची धैर्यशीलची, उजवीकडची माझी. डावीकडचं कुठलंही कपाट उघडा, माणूस 'वा!' म्हणतो. जाड पांढऱ्या कागदावर वाळवलेली फांदी, प्रत्येक पान सरळ, एक पान मुद्दाम उलटं केलेलं म्हणजे खालची बाजू दिसावी, फूल पुढं, फळ बाजूच्या पाकिटात. लग्नाच्या अल्बममध्ये नवरीला उभं करतात ना, तशी प्रत्येक वनस्पती नटूनथटून उभी. उजवीकडचं कपाट उघडलं की मात्र लोक नाक मुरडतात. तिथं नुसत्या कागदाच्या पुड्या. पुडीत रोगट पानं: ठिपके, पुळ्या, गंज चढल्यासारखी तांबडी पूड. मी तांबेऱ्याची बाई. धैर्यशील माझी ओळख करून द्यायचा ती 'ह्या आमच्या खरूज-खात्याच्या प्रमुख' अशी.

आमची ओळख झाली तीच मुळी असल्या एका रोगट पानावरून. मी पंचविशीत होते, बुरशीशास्त्र शिकून नुकतीच कोल्हापूरला आलेले आणि स्वतःला भलतीच शहाणी समजणारी. आजऱ्याच्या वरच्या अंगाला भैरवकड्यावर एक झुडूप सापडलंय, जगात दुसरीकडं कुठं नाही, अशी बातमी आली आणि कॉलेजची चार माणसं निघाली. गावातले लोक त्याला चांदकुडी म्हणायचे. कपारीत उणीपुरी दहा-बारा झुडपं, कानातल्या कुड्यांएवढी पांढरी फुलं. धैर्यशील दोर बांधून खाली उतरला, एक फांदी कापून वर आला, आणि मांडीवर फांद्या दाबून वाळवायचा प्रेस ठेवून पानं नीट करत बसला. फांदीवर एक पान डागाळलेलं होतं. त्यानं ते नखानं खुडलं आणि फेकून दिलं.

"अहो, टाकताय काय?" मी ओरडलेच.

"शीटवर डाग चालत नाही," तो म्हणाला. जणू मी त्याच्या लेकीला नावं ठेवली होती.

मी पान उचललं. मागच्या बाजूला नारिंगी रंगाचे बारीक बारीक पेले, मोहरीच्या दाण्याहून लहान, काठ जरासे फाटलेले. काय देखणे होते! मी पुडी केली आणि उतरताना चालता चालताच लेबल भरायला घेतलं. कड्याखालच्या घरातली अक्काताई अंगणात नाचणी वाळवत होती. नवी नवरी होती तेव्हा. तिनं मला पाणी दिलं, धैर्यशीलकडं बघितलं आणि विचारलं, "ह्ये तुमचं यजमान व्हय?"

माझं पेन नेमकं 'यजमान' या रकान्यावर होतं. आमच्या शास्त्रात रोग ज्या झाडावर राहतो, त्याला यजमान म्हणतात. मी मान वर न करता म्हटलं, "छे, यजमान ते वरचं झुडूप. हे नुसतेच बरोबर आलेत."

अक्काताईचा चेहरा असा काही झाला की बास. धैर्यशीलला पाणी पिता पिता ठसका लागला. सहा महिन्यांनी त्यानं मला लग्नाचं विचारलं तेही याच भाषेत. "शुभदाबाई, पर्यायी यजमानाची जागा रिकामी आहे का?"

हा पर्यायी यजमान म्हणजे काय ते सांगायलाच हवं, नाहीतर पुढचं काही समजणार नाही. तांबेरा ही बुरशी जिवंत पानाशिवाय जगत नाही. त्यातही पुष्कळ तांबेऱ्यांना एक घर पुरत नाही, दोन लागतात. बाजरीचाच तांबेरा घ्या. तो बाजरीवर तांबडी पूड होऊन राहतो आणि त्याचं दुसरं घर वांग्यावर. आपण भाकरी आणि भरीत एका ताटात वाढतो, आणि त्यांचा रोगही सामाईक! पहिल्या घरी हा रोग नुसत्या स्वतःच्या नकला काढतो. एकीसारखी दुसरी, दुसरीसारखी तिसरी. दुसऱ्या घरी मात्र तो ते नारिंगी पेले धरतो, आणि त्या पानावरच त्याचं लग्न लागतं. लग्न लागलं की नवी पिढी, नवे गुण, नवी खोड. दुसरं घर मिळालं नाही तर तांबेरा मरत नाही, पण म्हातारा होत जातो. आणि दोन्ही घरांतली त्याची रूपं इतकी वेगळी, की बघून ओळखणं कुणाच्या बापाला जमायचं नाही. माझ्या त्या पहिल्या पुडीवरही मी 'तांबेरा, जात अनोळखी' एवढंच लिहू शकले होते.

लग्नानंतर धैर्यशीलनं आयुष्यात एकच काम केलं. चांदकुडी वाचवली. तिचं बी वाळलं की मरतं, साठवता येत नाही. बाटलीत वाढवायला जावं तर चीक काळा पडून सगळं नासतं. त्यानं कलमं करून पाहिली, मातीची मिश्रणं पाहिली, हिवाळाभर कुंड्या घेऊन उन्हामागं हिंडला. आमच्या घरात मूल आलं नाही. आलं असतं तर त्याला गॅलरीत जागा मिळाली नसती, असं मी म्हणायचे. शेवटी जमलं. पुढच्या पंधरा वर्षांत चांदकुडी आजरा, भुदरगड, चंदगड सगळीकडं गेली. शाळांच्या कुंपणाला, देवळांमागं, आणि सगळ्यांत जास्त नाचणीच्या बांधांवर, कारण माती धरून ठेवायला तिच्यासारखी मुळं नाहीत. फुलायच्या दिवसांत घाट पांढरा व्हायचा आणि माझा नवरा गाडी थांबवून खुळ्यासारखा बघत बसायचा.

दरम्यान जग गव्हावरून नाचणीवर आलं होतं. हिवाळ्यातलं ऊन असं वाढलं की गहू दाणा भरायच्या आतच करपायला लागला. नाचणीनं ऊन सोसलं. शहरातले लोक नाचणीचा पाव खाऊ लागले, शाळेच्या डब्यात नाचणी आली. आणि तेवढ्यात नाचणीवर तांबेरा भडकला. तसा तो आधीही होता, पण भुरटा, इकडं दोन पानं तिकडं चार. आता शेतंच्या शेतं लाल. आम्ही एक दणकट वाण शोधून काढावा, तर पुढच्या पावसाळ्याला तो त्यालाही खाऊन मोकळा.

तेव्हा वाचक आला. यंत्राचं नाव भलतंच लांब होतं, आम्ही त्याला वाचक म्हणायचो. शंभर वर्षं वाळलेल्या पानाचा तिळाएवढा तुकडा त्याला द्यायचा. पान कुणाचं, त्यावर रोग कुठला, तो रोग कुणाचा मुलगा नि कुणाचा नातू, सगळं तो वाचायचा. खरी करामत पुढची होती. हर्बेरियममधल्या प्रत्येक पुडीवर तारीख असते आणि गाव असतं. देशभरातल्या पुड्या वाचून त्यानं तांबेऱ्याची अख्खी वंशावळ मांडली, कुठल्या साली कुठल्या डोंगरात काय झालं त्यासकट. आयुष्यभर ज्या पुड्यांना लोक नाकं मुरडत होते, त्या आता पोलीस बंदोबस्तात न्यायला लागले. मला जरा माज आला होता हे कबूल.

वाचक चालवायची रुबिना मुजावर. माझी विद्यार्थिनी, पस्तिशीची, तोंडानं फटकळ पण कामाला चोख. एका सकाळी तिनं मला पडद्यापाशी बोलावलं.

"मॅडम, हे बघा. शंभर वर्षं सरळ दोरी. एकाच बाईच्या नकला. आणि इथं अचानक फांद्या फुटायला लागल्या."

"म्हणजे लग्नं लागायला लागली."

"तेच म्हणते मी. पण मांडव कुठं घातलाय तो सापडंना."

खाली रकाना होता. पर्यायी यजमान: अज्ञात. मी फांद्या फुटल्या ते साल बघितलं. धैर्यशीलची रोपं पहिल्यांदा फुलली, त्याच्या पुढचंच ते साल होतं.

"सगळ्या पुड्या वाचून झाल्या?" मी विचारलं.

"एक राहिलीय. तुमचीच, सगळ्यांत जुनी. पानाचा भुगा होऊन तिळाएवढाच तुकडा उरलाय त्यात, वाचलं तर काही उरायचं नाही. तुमची सही लागेल."

त्या रविवारी सकाळी मी धैर्यशीलला सांगितलं. तो घावन खात होता.

"दे की," तो म्हणाला. "आपल्या प्रेमाचा पुरावा जाईल, एवढंच ना? बायको आहे की घरात."

"तसं नाही रे. ती चांदकुडीवरची आहे."

"मग? मी काय घाबरतो? एवढ्या वर्षांची शीटं आहेत माझी. एकाही शीटवर चांदकुडीला ठिपका दाखव."

"तू शीटवर ठिपका ठेवतोस कुठं?"

मला वाटलं आता ओरडेल. तो घावनाचा तुकडा चटणीत नुसता फिरवत राहिला. डागाळलेली पानं त्यानं आयुष्यभर खुडली होती, कलमं करतानाही, रोपं देतानाही. कितीदा खुडली, हे त्याच्याशिवाय कुणाला ठाऊक असणार?

"दे," तो पुन्हा म्हणाला. या वेळी आवाज निराळा होता.

निकाल आला. जुळलं होतं. माझ्या पुडीतले ते देखणे पेले आणि नाचणीवरची लाल पूड, एकच. चांदकुडी कड्यावर दहा-बारा झुडपांपुरती उरली होती, तोवर तांबेऱ्याला लग्नाला जागा नव्हती आणि तो म्हातारा होत चालला होता. आम्ही त्याला गावोगाव मांडव घालून दिले. तेही नाचणीच्या बांधावर.

रुबिनानं दार लावून घेतलं. "मॅडम, नमुना जुना होता. अपुरा होता असं लिहिलं तर कुणी विचारणार नाही. सर..." ती धैर्यशीलचीही विद्यार्थिनी होती, तिच्या दारातही चांदकुडी होती. "तुम्ही म्हणाल तसं करू."

मी तशीच उठले. गाडी काढली आणि अक्काताईकडं गेले. का, ते तेव्हा मला सांगता आलं नसतं. तिच्या शेतात उतरले आणि दहा पावलांत माझी साडी गुडघ्यापर्यंत लाल झाली. कणसं नुसती फोलपटं. अक्काताई बांधावर बसली होती, चांदकुडीच्या सावलीला.

"बगा की बाई, औंदाबी गेलं," ती म्हणाली. "नातवंडास्नी काय शिजवून घालू? रेशनचं तरी किती दिस पुरंल?" मग वरच्या फांदीवरून हात फिरवत म्हणाली, "भाऊंनी दिल्याली झाडं तेवढी झ्याक हाईत. ही बगितली की बरं वाटतं जिवाला."

मी फांदी खाली ओढली. लावलेल्या चांदकुडीची पानं मी पहिल्यांदाच उलटून बघितली. नारिंगी पेले, प्रत्येक पानावर. मला तिथंच रडू कोसळलं. अक्काताईला वाटलं मी तिच्या नाचणीसाठी रडतेय, आणि तीच माझी समजूत घालायला लागली.

धैर्यशील रोपवाटिकेत होता. मी उभ्या उभ्याच सांगितलं. आधी तो म्हणाला, यंत्र चुकतं. मग म्हणाला, पुडीत दुसरं काही मिसळलं असेल. मग त्यानं खाली ठेवलेलं रोप उचललं, परत ठेवलं आणि माझ्याकडं बघितलं.

"मी टाकलं होतं ना ते पान? टाकलेलं पान उचललंस कशाला तू?"

"उचललं नसतं तर तू तरी भेटला असतास का?"

त्यानं हातांची माती पुसली. "अहवाल कधी पाठवणार तुम्ही?"

मी मागं वळून बघितलं. मला वाटलं कुणीतरी आलंय. कुणी नव्हतं. ते 'तुम्ही' मला होतं.

मी सही केली. अहवाल गेला. सरकारी आदेशात चांदकुडीचं नाव एकाच ओळीत होतं: 'पर्यायी यजमान, समूळ निर्मूलन.' मी अर्ज केले, भांडले, हातापाया पडले, तेव्हा बंद काचघरात तीन रोपं ठेवायची परवानगी मिळाली. धैर्यशील म्हणाला, काचेत जगायची नाही ती, तिला कड्यावरचा वारा लागतो. पावसाळा संपायच्या आत तिन्ही मुळापासून कुजली.

तोडायला माणसं नेमली होती. धैर्यशीलनं त्यांना परत पाठवलं. "कुठं कुठं लावलीत ते मलाच ठाऊक. मीच काढणार." आणि तो गावोगाव गेला. शाळांत आधी मुलांना बसवून समजावून सांगायचा, मग कुऱ्हाड घ्यायचा. एका शाळेत एका मुलीनं विचारलं, "सर, हिनं काय केलं?" तो म्हणाला, "हिनं काही नाही केलं गं बाळ." मी गाडीत बसले होते. काच वर केली.

त्या मुलीला 'गं' आणि मला 'तुम्ही'. घरात वर्षभर हेच. "चहा घेणार का तुम्ही?" "तुमचा फोन वाजतोय." भांडण नाही, आदळआपट नाही. माझा डबा भरून ठेवायचा, दवाखान्यात न्यायचा, सगळं अगदी व्यवस्थित, पाहुण्याचं करावं तसं. एकदा मी ओरडले, "शिव्या दे मला, पण हे तुम्ही-तुम्ही बंद कर!" तो खिडकीशी उभा होता. म्हणाला, "प्रयत्न केला. जमत नाही हो." त्या 'हो'नं तर माझं काळीजच फाटलं. उजवीकडच्या माझ्या कपाटांकडं जायला मला नको वाटायला लागलं.

नाचणी मात्र सुधारली. अक्काताईनं पहिल्या सुगीचं पीठ पाठवलं. धैर्यशीलनं भाकरी केली, दोन ताटं वाढली आणि आम्ही दोघं खाली मान घालून जेवलो. भाकरी चांगली झाली होती.

शेवटी कडा राहिला. सरकारी माणसं म्हणाली, वरून उडतं यंत्र पाठवून औषध मारू. धैर्यशील म्हणाला, नको. साठी उलटलेला माणूस, गुडघे गेलेले. मी बूट घालून दाराशी उभी राहिले. त्यानं कुदळ खांद्यावर टाकली. कड्याखाली अक्काताईनं पाणी दिलं. एकदा त्याच्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि या वेळी काही विचारलं नाही.

आता दोर लागत नव्हता, वनखात्यानं पायऱ्या केल्या होत्या. त्याच्याच झाडासाठी केल्या होत्या. एकेक झुडूप तो काढत गेला, मी पोत्यात भरत गेले. शेवटचं फुललेलं होतं. त्याची एक फांदी त्यानं कापली, दगडावर बसला, मांडीवर प्रेस घेतला. पान सरळ केलं, एक उलटं केलं, फूल पुढं घेतलं. फांदी झकास बसली. एक पान डागाळलेलं होतं. त्यानं नखानं खुडलं आणि फेकलं.

ते माझ्या पायाशी येऊन पडलं, पालथं. पेले ताजे होते. चांदकुडीवरचा तांबेरा यापुढं जगात कुणाला दिसणार नव्हता, आणि माझी ती पहिली पुडी तर वाचकानं संपवली होती. असा नमुना कुठलीही तांबेऱ्याची बाई सोडत नाही. माझा हात पिशवीतल्या कागदाकडं गेलासुद्धा. मी वाकले.

"राहू दे गं," तो म्हणाला.

मी तशीच वाकलेली राहिले. वर बघायचा धीर होईना.

"राहू दे, शुभे. या खेपेला नको उचलूस."

मी कागद परत पिशवीत ठेवला. पान वाऱ्यानं सरकत कड्याच्या टोकाशी गेलं आणि खाली उतरलं. मी त्याच्या शेजारी दगडावर बसले. आम्ही दोघंही रडत होतो, म्हातारी माणसं रडतात तसं, नाक पुसत, एकमेकांकडं न बघता. प्रेसचा पट्टा त्याला आवळता येईना, म्हणून मी आवळला. मग त्यानं कुदळ घेतली, मी बुंधा धरला, आणि आम्ही तिला मुळासकट काढलं.